बेडकीची राहिलेली वरात

माझ्या दुकानात हसत हसत आलेलं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही. रेडिएटरवाल्याकडे माणूस येतो तो गाडी उकळल्यावर. बॉनेटमधून वाफ, बायको फुगलेली, पोरं रडवेली आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग तो सगळ्यांवर खेकसतोय, अशी वरात माझ्या दारात उभी राहायची. मी आधी सगळ्यांना सावलीत बसवायचे, प्यायला पाणी द्यायचे आणि मग गाडीकडे वळायचे. माणसं गार झाल्याशिवाय गाडी गार होत नाही, हे मला बाबांनी शिकवलं. बाकीचं काम नंतर शिकवलं.

आमचं दुकान शहापूरच्या पुढे, नाशिककडे जाणाऱ्या हायवेला. कसाऱ्याचा घाट पुढ्यात असल्यामुळे आम्हाला धंद्याची कधी ददात पडली नाही. बाबा कल्याणला एका कल्हईवाल्याच्या हाताखाली डाग द्यायला शिकले, मग भांडी सोडून रेडिएटर धरले. त्यांच्या माघारी मी दुकान चालवायला लागले तेव्हा बुद्धवाड्यातल्याच चार बायकांनी मला वेड्यात काढलं होतं. नंतर त्यांच्याच जावयांच्या गाड्या माझ्याकडे यायला लागल्या. आता दुकान भाची बघते, आणि मी खुर्ची टाकून तिला सल्ले देते. ते ती ऐकत नाही.

रेडिएटर म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंजिन तापतं, त्याच्याभोवती पाणी फिरतं, ते तापलेलं पाणी गाडीच्या नाकाशी येतं. तिथे वर एक टाकी, खाली एक टाकी आणि मध्ये बारीक नळ्यांची जाळी असते. जाळीतून वारा जातो, पाणी निवतं आणि परत इंजिनाकडे जातं. एवढीच गोष्ट. वारा आणि पाणी, दोन्ही मिळाली पाहिजेत. गळका रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवायचा, आत हवा मारायची, आणि जिथून बुडबुडा येईल तिथे बोट ठेवायचं. मग ती जागा नवसागरानं साफ करून कथलाचा डाग द्यायचा. हे काम डोळ्यांपेक्षा कानानं जास्त होतं. बारीक छिद्राचा बुडबुडा दिसायच्या आधी ऐकू येतो. भाची म्हणते, तुझं आपलं काहीतरीच.

गिऱ्हाइकं एकेक अफलातून. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकतात, हे ट्रकवाल्यांचं जुनं औषध आहे, आणि चिमूटभर टाकली तर घाट निभावतोही. पण एकदा बारशाला निघालेल्या एका कुटुंबानं कुणाच्यातरी सांगण्यावरून अख्खं पाकीट रिकामं केलं. मी खालचा नळ उघडला तर पिवळाधमक घट्ट रस्सा. त्यांच्यातल्या आजीबाई जवळ येऊन बघून म्हणाल्या, "मीठ घातलं का रे?" सगळी माणसं हसली, आणि मी ती जाळी साफ करत संध्याकाळपर्यंत बसले. आजीबाईंनी बारशाचे पेढे मात्र परत जाताना आठवणीनं आणून दिले.

पुढे पुढे माझ्याकडे वेगळीच माणसं यायला लागली. जुन्या गाड्या नव्यानं उभ्या करणारी. मुंबईतून, पुण्यातून, एक जण तर पार बेळगावहून. त्यांना गाडी नुसती चालायला नको असते, तिचा खिळान्‌खिळा जन्माच्या वेळचा हवा असतो. इंजिन मिळतं, दरवाजे मिळतात, सीट शिवून घेता येते. अडतं ते नेमकं माझ्या खात्यात. कारण सोपं आहे. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा. गाडी बंद पडून अंगणात उभी राहिली की भंगारवाल्याचा डोळा सगळ्यात आधी त्याच्यावर जातो. बाकीची गाडी लोखंडाची, तिला कोण विचारतो? दिवाळीला बायका मोड देऊन नवं भांडं घेतात, त्या मोडीत किती विलायती रेडिएटर वितळले असतील ते देव जाणे. आणि ज्यांनी ते बनवले ते कारखानेच राहिले नाहीत. हल्ली अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी येते. गळली की फेका, दुसरी बसवा. डाग द्यायला त्यात जागाच नाही. ह्याचं मला वाईट वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

आता बेडकीची गोष्ट.

आसनगावचे वसंतदादा भोईर भातसानगरला धरणावर नोकरीला होते. त्यांचे वडील मुंबईच्या एका शेठकडे ड्रायव्हर. शेठ म्हातारे झाले, त्यांनी आपली विलायती गाडी ड्रायव्हरलाच देऊन टाकली. हिरवा रंग, वर आलेले दोन गोल दिवे, बसकं अंग. आसनगावात तिचं नाव बेडकी पडलं ते पडलंच. पुढे गाडी पत्र्याच्या पडवीत ताडपत्रीखाली बरीच वर्षं उभी होती. दादा रिटायर झाले आणि तिला कसाऱ्याचा घाट चढवायचाच म्हणून तिच्यामागे लागले. दोन वर्षांत इंजिन फिरतं केलं, रंग दिला, चाकं आणली. नाकाच्या जागी मात्र भोक. रेडिएटर नव्हता.

"शोभा, कुठूनबी आन," दादा मला म्हणाले. "पन तिचाच पायजे. तसला प्लास्टिकचा नको."

मी कल्याण पालथं घातलं. मुंबईच्या भंगारबाजारात ओळखी होत्या, त्या सगळ्या वापरल्या. एका माणसानं अगदी तसाच म्हणून एक दाखवला, तो निघाला ट्रॅक्टरचा. एकानं नुसती वरची टाकी दिली, ती मी आनंदानं घरी आणली, तर बोटभर लहान. शेवटी कंटाळून मी दादांच्या घरी गेले आणि म्हणाले की दादा, अ‍ॅल्युमिनियमचा बनवून घेऊ, वरून काळा रंग मारते, कुणाला कळणार नाही.

विमलवहिनी चहा घेऊन आल्या होत्या. दादांची बायको. माहेर मुरबाडकडचं, बोलणं खणखणीत. त्या म्हणाल्या, "मना कलंल ना. मी नाय बसायची मग त्यात."

"तुला कुठं बसायचंय?" दादा म्हणाले.

"घाट चढून वर जायचाय म्हनताव ना? मग मना सोडून जानार काय?" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शोभा गो, तुला म्हाईत नसंल. या बेडकीतून माझी वरात निघाली व्हती. मुरबाडवरून इकडं येताना चढनीला उकलली. धूर नुसता. समदी वराडी खाली उतरली. नवी नवरी मी, शालू नेसून बैलगाडीत बसले. गावात शिरले तं पोरं वरडली, बेडकी कुठं हाय, बेडकी कुठं हाय. चालीस वर्सं झाली, मी विसरले नाय."

"आमी पन नाय विसरलो," दादा पुटपुटले. "रोज आठवन हाय."

यात खोटं काही नव्हतं. विमलवहिनींचा हा टोमणा अख्ख्या आसनगावाला पाठ होता. दादांना बाजारातून यायला उशीर झाला तरी त्या म्हणायच्या, उकळलात वाटतं. भाऊबीजेला, बारशाला, कुणाच्याही लग्नाला बेडकीचा उद्धार झाल्याशिवाय जेवणं होत नसत. आणि दादा खाली मान घालून ऐकून घ्यायचे.

"मग तो मूळचा रेडिएटर गेला कुठं?" मी विचारलं.

"सासऱ्यांनी रागानं काढून दिला," वहिनी म्हणाल्या. "जिथं उकलली तिथंच एक भाताची गिरनी व्हती, तिला देऊन आले. गिरनीचा इंजिन थंड करायला."

दादा चहाचा कप बशीत उगाच फिरवत होते. इतके दिवस मी वणवण करत होते आणि या माणसानं गिरणीचं नाव काढलं नव्हतं. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ते म्हणाले, "एवढ्या वर्सांत राहिला असंल का तो? मोडला असंल कधीच."

"नाय मोडला," वहिनी म्हणाल्या. "माहेरी जाताना मी बगते ना, गिरनी चालू हाय. तोच आना. ज्यानं मना उतरवला त्यानंच मना घाट चढवायचा. आनि यावेळी उकलला, तं त्या हाटेलवाल्याला गाडी देऊन टाकायची. हाय कबूल?"

हॉटेलवाला म्हणजे हायवेवरचा एक ढाबेवाला. त्याला बेडकी दारात शोभेला उभी करायची होती, आत कुंड्या ठेवून. तो सारखा विचारायला यायचा. दादांचा चेहरा उतरला. पण ते म्हणाले, "कबूल."

मी आणि दादा मुरबाडला गेलो. गिरणी होती, चालू होती. वीज आली तरी मालक रामभाऊंनी जुनं डिझेल इंजिन ठेवलं होतं, कारण पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. आणि इंजिनापुढे, लाकडाच्या घोडीवर, कोंड्याच्या धुळीत माखलेला बेडकीचा रेडिएटर. मी पदरानं पुसला तर खालून पितळ चमकलं. मला भरून आलं. सोनाराला सोनं बघून येत नसेल एवढं.

"उकळतो का कधी?" मी रामभाऊंना विचारलं.

"कवाच नाय," ते म्हणाले. "सुगीत दिवसभर चालतंय इंजिन. पानी टाकायचा, इसरून जायचा."

मला हे चमत्कारिक वाटलं. नवरीला चढणीवर दगा देणारा रेडिएटर गिरणीत इतकी वर्षं ढिम्म कसा? मी दादांकडे बघितलं, ते बाहेर जाऊन आंब्याखाली उभे होते. मी म्हटलं असेल, तेव्हा होज पाइप गळका असेल. गाडीत सतरा गोष्टी असतात.

रामभाऊ पैशाला बधले नाहीत. तोंडावर भात आलेलं, गिरणी बंद ठेवणार कशी? त्यांचं बरोबर होतं. जुन्या ट्रकचे रेडिएटर मात्र आमच्याकडे पडलेले असतात. त्यातला एक मी नीट करून नेला, घोडी वाढवून घेतली, पट्ट्यावरचा पंखा थोडा खाली घेतला आणि गिरणी दिवसभर चालवून दाखवली. गावच्या बायका भाताची पोती घेऊन बसल्या होत्या, त्यांना तांदूळ मिळेपर्यंत मला कुणी उठू दिलं नाही. संध्याकाळी रामभाऊंनी पाण्यात हात घातला, रेडिएटर बरा वाटला त्यांना. म्हणाले, "न्या तुमचा. पन गाडी चालू झाली तं हिकडून एक चक्कर मारा."

दुकानात आणून मी तो उघडला. नळ्यांतून पट्टी फिरवून गाळ काढला, दोन ठिकाणी डाग दिला. हौदात बुडवून हवा मारली आणि कान लावून बसले. एक बुडबुडा नाही. त्या काळच्या कारागिराला मी मनातल्या मनात नमस्कार केला. एवढं नीट काम माझ्या हातून झालं असतं तर मी सही करून ठेवली असती.

घाट चढायचा दिवस ठरला. मी खबरदारी म्हणून पाण्याचे दोन कॅन घेऊन भाचीच्या मागे स्कूटरवर बसून पुढे गेले आणि कसाऱ्याच्या अलीकडे, चढण लागते तिथे चहाच्या टपरीपाशी थांबले. माझं मन निर्धास्त होतं. रेडिएटर माझ्या हातचा, वॉटर पंप तपासलेला, पंख्याचा पट्टा नवा. टपरीवाल्याला मी सांगूनही ठेवलं, आता बघ कशी गाडी येते.

गाडी आली. आधी वाफ दिसली, मग गाडी.

बेडकी फुसफुसत कडेला थांबली. दादा उतरले, त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मागच्या सीटवरून वहिनी उतरल्या. शालू नव्हे, पण चांगली जरीची साडी होती, केसांत अबोली. त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा असेल असं मला वाटलं होतं, तसा तो अजिबात नव्हता. डोळ्यांत पाणी होतं.

"मनात नव्हता माझ्या," त्या म्हणाल्या. "मना वाटला यंदा जाईल वर."

मी बॉनेटकडे धावले, आणि तिथेच थबकले. गाडीला नाक नव्हतं. नाकाच्या जागी झेंडूचा पडदा होता. आपल्याकडे वरातीच्या गाडीला लावतात ना, तसा, पण मी पाहिलेल्या सगळ्यांपेक्षा दाट. झेंडूला झेंडू भिडवून ओवलेल्या सरी, मध्ये आंब्याच्या पानांची झालर, काथ्यानं वर-खाली करकचून बांधलेला. मी त्यात बोट घालून बघितलं, बोट पलीकडे जाईना. मग वारा कुठून जाणार? गाडीच्या नाकातोंडात फुलं कोंबून तिला डोंगर चढायला लावलं होतं. आणि हे गाडीवाल्या माणसाच्या देखत.

"हा कोणी बांधला?" मी ओरडलेच.

"मीच ओवला," वहिनी म्हणाल्या. "पहाटेपासून बसले. बगवत नवता तिचा बोडका तोंड. लग्नात पन मीच ओवला व्हता. मुरबाडच्या बाजारातनं टोपलीभर झेंडू..."

बोलता बोलता त्या थांबल्या. पडद्याकडे बघितलं, वाफेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बाई हुशार. मला काही बोलावं लागलं नाही.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमाला म्हाईत व्हता?"

दादा टपरीच्या बाकावर बसून चपलेनं माती उकरत होते. "बाबांना तवाच कललं," ते म्हणाले. "तुझी बैलगाडी पुढं गेली, मागनं तुझी बैलगाडी पुढं गेली, मागनं फुलं काडल्यावर गाडी लगेच निवली. पन बाबा मना बोलले, नवी पोर हाय, आज पयला दिवस. घरातल्या बाया म्हनतील, हिनं आल्या आल्या गाडी बंद पाडली, पायगुन बरा नाय. ते आयुष्यभर तिला पुरंल. त्यापेक्षा रेडिएटरवर घालू. मग तो चांगला रेडिएटर काडून गिरनीला दिला, की लोकांना खरा वाटावा."

"आनि सकाली? सकाली मी बांधत व्हते तवा?"

"तुला बोललो ना, पडदा नको."

"का नको ते बोलला नायत."

"ते बोललो असतो तं समदाच बोलायला लागला असता," दादा म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. हॉटेलवाला गाडीत कुंड्या ठेवायला टपला होता, दोन वर्षांची मेहनत पणाला लागली होती, आणि हा माणूस झेंडूचा पडदा लावून मुकाट्यानं घाटाकडे निघाला होता. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण बोलता बोलता मला त्यांच्या वडिलांचा विचार आला. शेठनं दिलेली गाडी, तिच्यावर त्या माणसाचा केवढा जीव असणार. आणि तिचा चांगला अवयव काढून दिला, सुनेला कुणी एक शब्द बोलू नये म्हणून.

वहिनींनी पुढे होऊन पडद्याची गाठ सोडायला घेतली. काथ्या घट्ट होता, त्यांनी दातांनी सोडवला, मला हात लावू दिला नाही. झेंडूचा तो पडदा घडी करून त्यांनी टपरीवाल्याच्या हातात दिला, म्हणाल्या, दुकानाला लाव. आणि हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, डोळ्यांतून धारा लागेपर्यंत. "चालीस वर्सं गो शोभा," त्या मला म्हणाल्या, "चालीस वर्सं मी या बाप-लेकांना धारेवर धरला. एक शब्द नाय निघाला दोगांच्या तोंडातनं."

"आता गाडी हाटेलवाल्याला द्यायची ना?" दादांनी हळूच विचारलं.

"तो इकडं फिरकू दे फकस्त," वहिनी म्हणाल्या.

इंजिन निवल्यावर मी झाकणावर फडकं धरून ते हळूहळू उघडलं आणि पाणी भरलं. वहिनी या वेळी पुढच्या सीटवर बसल्या, दादांच्या शेजारी. मला म्हणाल्या, तू पन चल. भाची स्कूटरवरून मागे आली. तापमानाचा काटा मध्यावर होता, घाटभर तिथेच राहिला. ट्रकवाले बाजूनं जाताना हॉर्न वाजवत होते, आणि वहिनी त्या सगळ्यांना हात करत होत्या.

वर पोचल्यावर दादांनी गाडी कडेला घेतली आणि भजी आणू का म्हणून विचारलं. वहिनींनी मान हलवली. त्या समोर काचेतून बघत होत्या.

"इथं काय काम हाय आपला?" त्या म्हणाल्या. "खाली उतरा आनि मुरबाडला चला. माझी वरात तिथनं निघायची हाय. सासऱ्यांची गाडी दारात न्यायची आनि तिथनं बसून घरी यायचा. सांगते मी माहेरी समद्यांना, चूक कुनाची व्हती ती."

दादांनी भजीचा विषय सोडून दिला आणि गाडी वळवली. आम्ही मुरबाडला पोचेपर्यंत दुपार टळली होती. वहिनींच्या भावजयांनी त्यांना परत ओवाळलं, नारळ दिला, आणि रामभाऊ गिरणी सोडून बघायला आले. निघताना भावजय म्हणाली, नवरीबरोबर करवली पायजे, हातात पाण्याचा करा घेऊन. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बेडकी चढणीला लागली तेव्हा वहिनी पुढे नवऱ्याशेजारी ताठ बसल्या होत्या, आणि मागच्या सीटवर मी, वय वर्षं साठच्या पुढे, मांडीवर पाण्याचे दोन कॅन घट्ट धरून.